पदराजवळचा दात

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुपराव सोनकुसरे नावाचे परिचर होते. परिचर हा शब्द नंतर आला. पंचावन्न साली सगळे त्यांना प्यून म्हणत, आणि नवे पोट्टे तर नुसतं ‘ए रुपराव’ म्हणून हाक मारत. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी सावनेरच्या शेतकऱ्याची पोर, होस्टेलात राहून शिकणारी आणि तोंडाची फटकळ. वयानं बापाएवढ्या माणसाला ए म्हणता, लाज वाटत नाही? असं मी दोघातिघांना बरण्यांच्या कपाटासमोरच झापलं होतं. त्यावर रुपरावच मला म्हणाले, “जाऊ द्या जी सुहासबाई. ए म्हटल्यानं माझी उंची कमी होत नाही.”

“उंची आधीच कुठं आहे?” मी म्हटलं. माझ्या तोंडाला कुलूप नाही, काय करणार! रुपराव खांद्यावरच्या फडक्यात तोंड लपवून हसले, आणि तेव्हापासून आमची गट्टी जमली.

रुपराव जातीचे विणकर. बरण्यांच्या गळ्याला चिठ्ठी बांधताना ते बारीकशी गाठ मारत. ती ओल्या हातानं सुटायची नाही की ओढून निघायची नाही. तुटलेला धागा जोडायची ती मागावरची गाठ होती. तांडापेठेत त्यांचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत माग बसवायचा खड्डा होता. माग मोडून माळ्यावर टाकल्याला नऊ वर्षं झाली होती, पण खड्डा त्यांनी बुजवला नव्हता, वर फळ्या टाकून ठेवल्या होत्या. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि त्यांची आई जिजाबाई, दोघंच. जिजाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदय इतकं थकलंय, डोळ्यांना हात लावण्यात अर्थ नाही.

हे सगळं मला कळलं ते एका मगरीमुळं.

आमच्या शरच्चंद्र सरांनी एकदा टेबलावर पाच बरण्या मांडल्या. मासोळी, बेडूक, पाल, मगरीचं पिल्लू आणि कबूतर. म्हणाले, “ह्यांचं वर्गीकरण नको, ते पुस्तकात आहे. मला ह्यांचं नातं हवं. कोण कोणाच्या जवळचं, ते लक्षणांवरून ठरवा आणि झाड काढून दाखवा.” आज त्या झाडाला क्लॅडोग्रॅम म्हणतात, तेव्हा तो शब्द आमच्यापर्यंत आला नव्हता. मी अर्ध्या तासात झाड काढलं. पाल आणि मगर एका फांदीवर सख्ख्या बहिणी, कबूतर आपलं दूर दुसऱ्या फांदीवर. अंगावर खवले, रक्त थंड, चाल सरपटती. आणखी काय पाहिजे?

रुपराव बरण्या पुसून राहिले होते. त्यांनी माझ्या कागदाकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, “बाई, थंड रक्त तर ह्या मासोळीलेबी हाये न? बेडकालेबी हाये.”

“मग?”

“मग ते जुनं झालं. जे आजापंजापासून साऱ्याइलेच भेटलं, त्याच्यावरून सख्खं कोन हे कसं समजंन? नवं काय हाये ते पाहा. दोघाइतच हाये आन बाकीच्याइत नाही, असं.”

मी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला हे कुणी शिकवलं हो?”

“मागानं,” ते म्हणाले. “आता पाहा. माझ्या बापानं सात जनांले करवतकाठी लुगडं विणाले शिकवलं.” करवतकाठी म्हणजे ज्याच्या काठाला करवतीसारखे दात असतात ते, आमच्याकडं बायका नेसत. “बापाची सवय होती, दाताच्या बुडाशी दुहेरी धागा टाकाचा. सातहीजन तसाच टाकतेत. त्याच्यावरून ते एका हाताखालचे, एवढंच समजते. पन त्यातल्या एकानं नवी चूक केली, आन तेच चूक दुसऱ्या कोनाच्या काठात दिसली, तर समजाचं का हा त्याच्यापाशी शिकला. बरोबर विननं कोनापासूनबी येते जी. चूक घरूनच येते.”

मी परत बरण्यांकडं वळले. कबुतराच्या हृदयाला चार कप्पे. पालीच्या हृदयाला तीनच. आणि मगरीच्या? मगरीच्या हृदयाला चार! हे मी दोन महिन्यांपूर्वी पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, आणि झाड काढताना खवल्यांच्या नादात साफ विसरले होते. मगर आणि कबूतर एका फांदीवर गेले, पाल बाजूला सरकली. सरांनी कागद पाहून विचारलं, हे कुणी सुचवलं? मी म्हटलं, रुपरावांनी. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग मी रुपरावांना हाताला धरून पुढं आणलं आणि सगळं परत बोलायला लावलं. सर ऐकता ऐकता उठले, आणि आपली खुर्ची त्यांनी रुपरावांपुढं सरकवली. रुपराव काही बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कपाटाशी कुणी नसताना ते माझ्याजवळ आले. हातात खादीची एक मळकी थैली. “बाई, मानसाचंबी असं झाड काढता येते काय?”

“कुणाचं काढायचंय?”

“माझ्या भावाचं. श्रावणचं.”

थैलीत लुगड्यांच्या काठांच्या पट्ट्या होत्या, अकरा. सक्करदऱ्याची रंभाबाई नावाची बोहारीण गावोगाव भांडी देऊन जुनी लुगडी घ्यायची. करवतकाठी दिसलं की तिनं काठ फाडून आणायचा आणि कुठल्या गावचा ते सांगायचं, असं रुपरावांनी तिला विनवून ठेवलं होतं. प्रत्येक पट्टीला चिठ्ठी बांधलेली होती, त्याच गाठीनं.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. दोघे भाऊ, दोन माग. बाप गेला आणि त्यात सुताची टंचाई. रेशनवर मिळणाऱ्या सुतात एक मागसुद्धा पुरता चालेना. शेहेचाळीस साली रुपरावांनी कॉलेजात नोकरी धरली आणि आपला माग मोडला. श्रावण धाकटा, आठ वर्षांनी लहान, रुपरावांच्या खांद्यावर वाढलेला. तो पेटला. “बापाचा माग सोडून तू बेडकं धुशील? जा मग. आता ह्या घरची खूणबी माझ्या मागावर येनार नाही.” त्याच आठवड्यात तो बायकोला घेऊन घराबाहेर पडला. भाऊबंदांपैकी कुणी म्हणे भंडारा, कुणी म्हणे बालाघाट. रुपराव सुट्टी मिळेल तशी गावं पालथी घालत होते. श्रावण सापडला नव्हता.

“घरची खूण म्हणजे काय?” मी विचारलं.

रुपरावांच्या चेहऱ्यावर अगदी लाडाचं हसू आलं. करवतीचा एक दात म्हणजे दहा पायऱ्या. एकेक धागा मोजत चढायचं, दहावर टोक, मग उतरायचं. ह्या घरात रीत अशी की पदराजवळचा शेवटचा दात सगळ्यात लहान लेकरानं मोजायचा. लेकरू म्हणेल तसा आडव्या धाग्याचा धोटा फिरवायचा, आपली अक्कल चालवायची नाही. श्रावण चार वर्षांचा असताना मोजायला बसला, तर तो पाच म्हणायचाच नाही. एक, दोन, तीन, चार, सहा! कितीदा सांगितलं तरी पाच गिळलेलाच. बाप हसून हसून बेजार. पण विणला तसाच, चारवरून थेट सहावर उडी. दातात एक खाच पडली. पुढं श्रावण मोठा झाला, मोजणी शिकला, तरी शेवटच्या दातातली ती खाच घरानं सोडली नाही. बाप म्हणे, राहू द्या, आपल्या घरची खूण.

“बाहेरच्या सातजनाइले ते नाही शिकवली. फक्त आमी दोघं,” रुपराव म्हणाले. “पन आता ते पाहू नका. ते त्यानं सोडली, म्हनूनच गेला न तो. तुमी बाकीच्या खुना पाहा. आई एकच म्हनून राहिली, श्रावनचा हात हातात येऊ द्या, मग मी जातो. आन तिचं काही खरं नाही बाई. परवा दारात बसली ते उठवेना तिच्यानं.”

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “आठ दिवसांत काढून देते.”

देते म्हणे! मोठी शहाणी.

मी भिंग घेतलं, सुई घेतली, वहीत तक्ता आखला. आडव्या रांगेत अकरा पट्ट्या, उभ्या रांगेत खुणा. दहा पायऱ्यांचा दात आहे का? बुडाशी दुहेरी धागा आहे का? काठाच्या वर बारीक पांढरी रेघ आहे का? काठ लाल आहे का? असेल तिथं अधिक, नसेल तिथं वजा. ताडून पाहायला रुपरावांनी विणलेलं शेवटचं लुगडं जिजाबाईंच्या पेटीतून आणलं. चार नंबरच्या पट्टीला चारही अधिक आले. ती भिवापूरची होती. बाकी कुणाचे तीन, कुणाचा एक. उमरेडची नऊ नंबरची पट्टी तर हिरवी, पांढरी रेघ नाही, दोनच अधिक. तिच्या शेवटच्या दातात काहीतरी चुकलेलंही होतं. मी वहीत शेरा मारला, ‘विणकाम सदोष’, आणि ती बाजूला टाकली. सदोष! अगं मूर्ख बाई! तेव्हा मला कुणी चिमटा का काढला नाही?

रविवारी मी आणि रुपराव इतवारीहून नॅरोगेजच्या लहान गाडीत बसलो. निघताना जिजाबाईंच्या पाया पडले, तर त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. “तू शिकलेली पोरगी हायस. आनशील न वं त्याले?”

“आणते आजी,” मी म्हटलं.

उमरेड स्टेशनावर गाडी थांबली. आम्ही खाली उतरून चहा प्यालो, पुन्हा गाडीत बसलो आणि पुढं गेलो. आज हे आठवलं की मला माझाच कान पिळावासा वाटतो.

भिवापुरात ते घर सापडलं. माग चालू होता, काठ लाल, रेघ पांढरी. मागावर सत्तरीचे एक म्हातारे बसले होते, बापूजी निखारे, रुपरावांच्या बापाच्या हाताखाली शिकलेल्या सातांपैकी एक. रुपरावांना पाहून त्यांना कोण आनंद! जेवल्याशिवाय सोडलं नाही. श्रावणचं नाव काढताच मान हलवली. “नाही गा, इकडे नाही तो. आन हा काठ म्हनशील तर तुझ्या बापानं आमाले सगळ्याइलेच असा शिकवला. आमी म्हातारे अजूक तसाच विनतो, काही बदललं नाही.”

जुनं. सगळ्यांकडंच असलेलं. चार अधिकांची चार चिन्हं, आणि चारही जुनी. पालीमगरीची चूक मी जशीच्या तशी परत केली होती, तीही एका आंधळ्या म्हातारीच्या जिवावर.

तांडापेठेत परतलो तेव्हा ऊन कलत होतं. जिजाबाई धुतलेलं लुगडं नेसून दारात बसल्या होत्या. शेजारणीकडून पुरण शिजवून घेतलं होतं, घरभर वास होता. आमची चाहूल लागताच त्यांनी मान वर केली, कान दिला, आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, “दोघाइच्याच चपला वाजून राहिल्या.”

रुपरावांनी चपला काढून भिंतीशी ठेवल्या.

“ठीक हाये,” त्या म्हणाल्या. “हातपाय धुवा. पोळी खा.”

मी पोळी खाल्ली आणि होस्टेलवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. सोमवारी प्रयोगशाळेत मी रुपरावांची नजर चुकवत होते, तर तेच माझ्याकडं आले. “तुमी काहून रडता? बापूजी भेटले, ते काय कमी झालं?” असा माणूस. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून मला समजावत होता. मला त्याचाही राग आला, खरं सांगते.

पुढच्या रविवारी मी थैली परत द्यायला गेले. चोरासारखी. जिजाबाई फळ्यांवर बसल्या होत्या, खाली तो खड्डा. “काय आनलं वं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “त्या पट्ट्या, आजी. काही कामाच्या नाहीत.”

“दे इकडे. बसल्या बसल्या हात तरी फिरवतो.” आमच्याकडं बाया ‘फिरवतो’ असंच म्हणतात.

त्या एकेक पट्टी घेऊन अंगठ्याखालून सरकवू लागल्या. कुणाचा हात जड, कुणी ताण ढिला ठेवला, कुणी घाईत होता, सगळं बोटांनीच सांगत होत्या. भिवापूरची पट्टी हातात आली तशा म्हणाल्या, “हा बापूजी. आधीच मले दिली असती तर तुमची खेप वाचली असती.” रुपरावांनी आणि मी एकमेकांकडं पाहिलं. नऊ वर्षं थैली घरात, आणि त्यांच्या हातात ती द्यावी हे दोघांनाही सुचलं नव्हतं. आईचे डोळे गेले एवढंच आम्ही धरून बसलो होतो.

मग नऊ नंबर. हिरवी पट्टी. अंगठा दातादातावरून चालत शेवटाकडं गेला. ओठ हलू लागले.

“एक. दोन. तीन. चार.” अंगठा उडाला. “सहा.”

रुपराव आईजवळ वाकले. “आई, नीट पाहा. ते खूण त्यानं सोडली होती.”

“तोंडानं सोडली असंल,” जिजाबाई म्हणाल्या. “हातानं नाही सोडली.”

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून अंगठा फिरवला. “चार. सहा. सात.” आणि अंगठा परत उडाला. “नऊ. दहा.” त्या थांबल्या. तिसऱ्यांदा मोजलं. “रुपराव, ह्याच्यात आठबी नाही गा.”

“आठ?”

“आठ नाही. आपल्या घरात आठ कधी कोनी खाल्ला नाही.”

मी भिंग काढून वाकले. दोन खाचा. एक पाचव्या पायरीला आणि एक आठव्या. विणकाम सदोष! पाच सोडणारा तर ह्या घरचाच. पण पाचसुद्धा आणि आठसुद्धा सोडणारा? जुन्या खुणेवर नवी खूण चढली होती. म्हणजे झाडाला एक नवी डहाळी फुटली होती, आणि त्या घराची रीत मला माहीत होती, शेवटचा दात कोण मोजतं ते. मी तोंड उघडणार, तोच जिजाबाईंनी पट्टी छातीशी धरली.

“श्रावणले लेकरू झालं वं,” त्या म्हणाल्या. “मोजन्याइतकं मोठं झालं.” आणि त्या रडू लागल्या, हसू लागल्या, दोन्ही एकदमच.

मी खडू घेतला आणि त्या फळ्यांवरच झाड काढलं. बुंध्याशी बाप. बुडाशी दुहेरी धागा, तिथून सातहीजण वेगळे. पाचाची खाच, तिथून पुढं फक्त रुपराव आणि श्रावण. आठाची खाच, श्रावणच्या पुढं एक बारीक फांदी. तिच्या टोकाशी मी काही लिहिलं नाही, नाव कुठं ठाऊक होतं? रंगाचा आणि पांढऱ्या रेघेचा तर प्रश्नच नव्हता. ते व्यापारी सांगेल तसं बदलतं.

रुपराव तेवढ्यात सक्करदऱ्याला धावत जाऊन आले. रंभाबाईला नीट आठवत होतं. उमरेडच्या एका बाईनं दिलेलं लुगडं. तसं नवंच, वर्षाचंसुद्धा नाही, चुलीची ठिणगी पडून भोक पडलं म्हणून दिलं. तिथलाच कुणी गावाच्या कडेला राहून विणतो, दोनेक वर्षांपूर्वी आलेला, फारसा कुणात मिसळत नाही.

“मी येतो,” जिजाबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी दगदग नको सांगितलंय, रुपरावांनी दहा वेळा बजावलं. “ते डॉक्टर माझा ल्योक आनून देते काय? मग बस.” त्यांच्यापुढं कुणाचं चाललंय!

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी कॉलेज बुडवलं, रुपरावांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा न सांगता खाडा केला. उमरेड स्टेशनाबाहेर बैलगाडी केली. गाडीवानाला विचारत विचारत गावाच्या टोकाशी पोचलो. कुडाच्या भिंतीचं घर होतं, पुढं दोऱ्यांवर हिरवं सूत वाळत घातलेलं. आतून मागाचा आवाज येत होता. रुपरावांनी आईला दोन्ही हातांनी खाली उतरवलं आणि दाराशी आणलं. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी हात पुढं केला, पण ढकलेना. तसेच उभे राहिले. मला कळलं, त्यांना भीती वाटून राहिली होती. तो परत म्हणाला तर, जा बेडकं धू?

आत माग हळू झाला. एक बारीक आवाज मोजू लागला, पोरीचा, अगदी सुरात.

“एक... दोन... तीन... चार...”

जिजाबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

“सहा... सात...” पोर क्षणभर थांबली, बहुतेक धोट्याची वाट पाहत. आणि दाराबाहेरून म्हातारी त्याच सुरात म्हणाली, “नऊ... दहा.”

माग बंद पडला.

मग दार उघडलं. रुपरावांसारखाच बुटका माणूस, दाढी वाढलेली, खांद्यावर सुताचे धागे. त्यानं आईला पाहिलं, भावाला पाहिलं, आणि पुढं यायच्या ऐवजी मागं सरकून भिंतीला टेकला.

“दादा,” तो म्हणाला, “मीबी माग सोडला होता. सात वर्षं बऱ्हाणपूरच्या गिरणीत होतो. तुले एवढं बोललो, आन मीबी... कोनत्या तोंडानं येऊ? भाऊबंदाइले शपथ घातली का घरी सांगू नका.”

रुपरावांनी त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. “अरे वेड्या. माझ्या हाताले बेडकाचा वास येते, पाहा. त्याच्यासाठी नऊ वर्षं लपून बसला?” दोघं लहान पोरांसारखे हुंदके देत होते, आणि मी, जिच्या तोंडाला कुलूप नाही, ती मी सूत वाळत घातलेल्या दोऱ्यांकडं पाहत नाक पुसत होते.

जिजाबाईंनी मध्ये हात घातला. श्रावणचा हात शोधला, बोटं चाचपली, तळवा चाचपला. तो हात हातात आला की मी जातो, असं त्या म्हणत होत्या ना? मी धास्तावूनच पाहत होते. पण त्यांनी तो हात रुपरावांच्या हातात दिला आणि दुसऱ्या बाजूला चौकटीशी चाचपडायला लागल्या.

“बाजूले व्हा दोघं,” त्या म्हणाल्या. “आठ कोनं खाल्ला? कुठं हाये ते?”

आतून सहा वर्षांची पोर पुढं आली. समोरचे दोन दात पडलेले. घाबरून तिनं बापाकडं पाहिलं, मग म्हातारीकडं.

“मी,” ती म्हणाली. “मी गोपिका.”

जिजाबाई तिथंच उंबरठ्यावर बसल्या आणि त्यांनी तिला मांडीवर घेतलं. “मले म्हनून दाखव बरं,” त्या म्हणाल्या. गोपिकानं परत एकपासून सुरुवात केली.